वाळवंटातली इस्त्री

इस्त्री म्हटलं, की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? गणवेशांची चळत, पाणी शिंपडायची वाटी आणि "आई, माझा शर्ट झाला का?" ही हाक! पण मैत्रिणींनो, अमेरिकेत ॲरिझोना नावाचं जे वाळवंटी राज्य आहे, तिथं डोंगराचं एक टोकच 'इस्त्री' म्हणून प्रसिद्ध आहे. 'फ्लॅटआयर्न' म्हणतात त्याला. पूर्वी चुलीवर तापवून कपड्यांवर फिरवायची ती जड लोखंडी इस्त्री, तिचंच हे नाव. माथा सपाट, पुढचं टोक निमुळतं आणि खाली सरळ तुटलेला कडा. पायथ्याशी उभं राहून पाहिलं, की वाटतं, कुणा राक्षसिणीनं काम अर्धवट टाकून इस्त्री तिथंच ठेवली आणि शेजारणीकडे गप्पा मारायला गेली!

ज्या डोंगररांगेचं हे टोक, तिचं नावही मजेदार आहे – सुपरस्टिशन, म्हणजे अंधश्रद्धेचे डोंगर. फिनिक्स शहराच्या पूर्वेला अपाची जंक्शन गाव आहे. त्याला लागूनच ही रांग सपाट वाळवंटातून एकदम भिंतीसारखी उठते. पायथ्याशी 'लॉस्ट डचमन स्टेट पार्क' नावाचं सरकारी उद्यान आहे आणि वर जाणारी वाट तिथूनच सुटते.

मी साताऱ्याची. घर सांभाळून अर्धवेळ शिकवते. माझा दादा फिनिक्सजवळ असतो. ह्यांची साठलेली रजा आणि वहिनीचा आग्रह यांचा मेळ बसला आणि संक्रांतीच्या आधी आम्ही दीड महिन्यासाठी तिकडे गेलो. "आत्या, तू रोज अजिंक्यताऱ्यावर जातेस ना? मग इस्त्रीवर येच!" हे माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याचं आमंत्रण. मी हो म्हटलं खरं, पण आधी माहिती काढायला बसले.

माहिती अशी : जाऊन-येऊन साधारण नऊ किलोमीटर. माथ्याची उंची ४,८६१ फूट, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा थोडीशीच जास्त. मग त्यात अवघड ते काय? अवघड हे, की चढ आहे जवळजवळ पावणेतीन हजार फुटांचा आणि त्यातला बराचसा शेवटच्या दोन किलोमीटरांत कोंबलेला. त्या भागात वाट अशी नाहीच. घळीतल्या धोंड्यांवर हातापायांनी चढायचं. उद्यानाची राखलेली वाट खालच्या खडकाच्या वाडग्यापाशीच संपते. त्यापुढचं ज्याचं त्यानं पाहायचं.

आणि मुख्य म्हणजे, सिंहगडावर ताक, लिंबूसरबत, पिठलं-भाकरी घेऊन बसलेल्या बाया असतात. इथं वर एक थेंब पाणी नाही. जे लागेल ते पाठीवर न्यायचं. तेव्हा ही चढाई सुरू होते ती डोंगरावर नाही, स्वयंपाकघराच्या टेबलावर, कागद-पेन्सिल घेऊन. आणि हे काम आपल्याइतकं चांगलं कोण करणार? बारा माणसांच्या पंक्तीला किती तांदूळ भिजवायचे याचा हिशेब जिला येतो, तिला हाही येतो.

आधी महिना, मग दिवस

पहिला प्रश्न ऋतूचा. या वाळवंटातला उन्हाळा आपल्या विदर्भाला लाजवील असा. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर होता! शहरातल्या काही डोंगरवाटा तर फार उष्म्याच्या दिवसांत नगरपालिकाच भर दिवसा बंद ठेवते. नोव्हेंबर ते मार्च हाच चढाईचा काळ.

या डोंगराचा इतिहासही तेच सांगतो. उद्यानाच्या नावातला 'डचमन' म्हणजे जेकब वॉल्ट्झ, मूळचा जर्मन. या डोंगरांत त्याची सोन्याची गुप्त खाण होती अशी दंतकथा आहे. १८९१ साली तो फिनिक्समध्ये वारला. शेवटच्या आजारपणात त्याची शुश्रूषा केली ज्युलिया थॉमस नावाच्या बाईनं. तिचं गावात बेकरीचं दुकान होतं. पुढच्याच वर्षी ती चालता धंदा सोडून खाण शोधायला निघाली, तीही भर उन्हाळ्यात! काही आठवड्यांनी रिकाम्या हातानं परतली. खाण मिळाली नाही आणि दुकानही गेलं. १९३१ मध्ये ॲडॉल्फ रूथ नावाचा गृहस्थ असाच नकाशा घेऊन जून महिन्यात डोंगरांत शिरला. डिसेंबरात त्याची कवटी सापडली. त्याच्या मृत्यूचं गूढ अजून चर्चेत आहे, पण जून महिना निवडू नये, एवढं शहाणपण त्यातून कुणालाही घेता येईल.

दुसरी गोष्ट पावसाची. वर जायची घळ म्हणजे मुळात पाण्याचा मार्ग आहे. पाण्यानं घासून घासून खालचा खडक पाटा-वरवंट्यासारखा गुळगुळीत झालेला आहे. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल किंवा त्या दिवशीचा अंदाज असेल, तर बेत सरळ पुढे ढकलायचा.

तिसरी गोष्ट उन्हाची दिशा. इस्त्री डोंगराच्या पश्चिम अंगाला आहे. म्हणजे सकाळी घळीत सावली आणि चांगलीच थंडी. दुपारी उतरताना मात्र ऊन समोरून तोंडावर. म्हणून सकाळी स्वेटर आणि दुपारी टोपी, दोन्ही लागतात.

पाण्याचा हिशेब

माणशी चार लिटर पाणी, असं आम्ही धरलं. हिवाळ्यात एवढं कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण वाळवंटातली हवा फसवी असते. कोरड्या हवेत घाम येतो तसाच वाळून जातो, अंग ओलं लागतच नाही आणि तहान कळेपर्यंत उशीर झालेला असतो. नुसतं पाणीही उपयोगाचं नाही, घामावाटे मीठ जातं. म्हणून माणशी एक बाटली लिंबू-मीठ-साखरेची ठेवली.

खाण्याचं खातं माझ्याकडे होतं. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळपापडीच्या वड्या, खारे दाणे आणि संक्रांतीचा उरलेला तिळगूळ. दशम्या मऊ राहतात, सांडत नाहीत आणि धोंड्यावर बसून एका हातानं खाता येतात. भाच्यानं दुकानातल्या पाकीटबंद वड्या घेतल्या होत्या. दहा वाजता त्यानं त्या माझ्यापुढे धरल्या आणि गूळपापडी मागितली!

चार लिटर पाणी म्हणजे चार किलो वजन, हे विसरू नका. म्हणून आधी पंधरा दिवस मी आणि वहिनी पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन जवळच्या टेकडीवर चढ-उतार करत होतो. चढण्यानं दम वाढतो, पण मांड्या आणि गुडघे तयार होतात ते उतरण्यानं. सरावात उतार हवाच.

हात मोकळे, मन शांत

कपड्यांचं सांगते. साडी नाही, ओढणी नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, जाड कापडाची विजार आणि खडकावर न घसरणारे रबरी तळाचे बूट. हातात बागकामाचे मोजे, कारण खडक किसणीसारखा खरखरीत आहे. काचेच्या बांगड्या मी आदल्या रात्रीच उतरवून ठेवल्या. अंगठी काढली आणि मंगळसूत्र सदऱ्याच्या आत पिन लावून बसवलं. फोनवर आईला सांगितलं, तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बरं केलंस. अंगठी खडकात अडकली तर बोट जाईल." माझी आई जात्यावर दळलेल्या पिढीतली. तिला हात कशासाठी मोकळा लागतो हे कळतं.

सामानात एक वस्तू तुम्हाला नवल वाटेल अशी. फणी! इथं 'चोया' नावाचा निवडुंग आहे. त्याचे तुकडे नुसता स्पर्श झाला तरी सुटून अंगाला चिकटतात. हातानं काढायला गेलात, तर तोच हात अडकलाच म्हणून समजा. तुकड्याखाली फणी सरकवायची आणि एका झटक्यात उडवायचा. उरलेले काटे चिमट्यानं. शिवाय विजेरी, शिटी, पट्ट्या आणि पायात गोळे आले तर चोळायला तेल.

खडक चढायची रीत भाच्यानं शिकवली. दोन हात, दोन पाय. त्यांतले तीन नेहमी पक्के, हलवायचा एकच. माळ्यावर चढताना आपण नकळत हेच करतो. धरायच्या दगडाला आधी हलवून पाहायचं. न दिसणाऱ्या कपारीत हात घालायचा नाही, कारण या भागात साप आहेत, शेपटी वाजवणारे. झुडपाला धरून वर जायचं नाही. चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही. दगड सुटला तर ओरडून सांगायचं. आणि उतरताना अवघड जागी तोंड खडकाकडे.

बारा वाजता

आता सगळ्यात महत्त्वाचं. परतीची वेळ. जानेवारीत तिथं पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. अशा धोंड्यांवरून उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्तही. म्हणून वहिनीनं कागदावर लिहिलं : "दुपारी १२ वाजता जिथं असू तिथून मागं फिरायचं. कुणाचंही अर्धं पाणी संपलं, तरी मागं फिरायचं. कुणालाही एकटं सोडायचं नाही. एक थांबला तर सगळे परत." खाली चौघांच्या सह्या. एक प्रत माझ्या पिशवीत, दुसरी ह्यांच्याजवळ. ह्यांचा गुडघा दुखरा, म्हणून हे आणि आमची नऊ वर्षांची लेक उद्यानातल्या सोप्या वाटेनं फिरणार होते. सहा वाजेपर्यंत आम्ही दिसलो नाही, तर ९११ ला फोन करायचा, हे त्यांना बजावून ठेवलं होतं.

पहिल्या खेपेला शनिवार होता. दरवाजाशी गाड्यांची रांग, त्यामुळे पावलं टाकायला साडेआठ झाले. सुरुवातीची वाट सुरेख! दोन्ही बाजूंना साग्वारो, त्या प्रदेशाचे ते प्रसिद्ध निवडुंग. चाळीस फुटांपर्यंत वाढतात. त्यांना पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. अंगावर चुण्या असतात त्या उगाच नाहीत. पाऊस पडला की चुण्या उलगडतात आणि पाणी साठतं. आपण मुलांच्या झग्याला वाढत्या अंगाच्या दुमडी घालतो ना, तस्संच!

दहा वाजता वाडग्याशी पोहोचलो. पिवळसर हिरव्या दगडफुलानं माखलेले कडे तिन्ही बाजूंनी वर गेले होते. हे सगळं ज्वालामुखीच्या राखेचं. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण तो लाव्हाच्या रसाचा. इथं तापलेल्या राखेचे थर दाबून दगड झाले आहेत. पुढे घळ सुरू झाली आणि बोलणं बंद. अरुंद जागी वरून उतरणारे, खालून चढणारे, प्रत्येक ठिकाणी थांबणं आलं.

माथ्याच्या अगदी खाली दहा-बारा फुटांची एक उभी भिंत आहे. तिच्या पायथ्याशी आलो तेव्हा वहिनीनं घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बारा वाजले."

भिंतीच्या वर माणसांचे आवाज येत होते. हसत होते, फोटो काढत होते. भाचा रडकुंडीला आला. "आत्या, फक्त पंधरा मिनिटं! समोर दिसतंय ना!" दादा काहीच बोलेना, पण त्याचा पाय भिंतीच्या पहिल्या खाचेत होता. खरं सांगते, माझाही जीव वर ओढत होता. एवढ्या लांबून आलेली मी, परत कधी येणार? पण कागदावर माझी सही होती. आणि भिंतीवर चढायला चौघांना पाऊण तास, उतरायला तेवढाच, हा हिशेब त्या क्षणीही चुकत नव्हता. मी भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही वळलो.

उतरताना तासाभरातच दादाच्या मांडीत गोळा आला. असा, की पाय टेकवेना. बसवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तेल चोळलं, त्याची पिशवी भाच्यानं घेतली. मग पावला-पावलानं. वाडग्याशी यायला तीन वाजले, खाली यायला पावणेपाच. आपण जे दोन तास गाठीला बांधून ठेवले होते, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ त्या गोळ्यानं खाल्ला. उजेड होता, म्हणून निभावलं. संध्याकाळी जेवणं उरकून निघालो, तेव्हा काळ्या डोंगरावर विजेऱ्यांचे तीन ठिपके हलत होते. थोड्या वेळानं हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली. गाडीत कुणीच काही बोललं नाही. भाच्यानं फक्त विचारलं, "आत्या, कागद कुठंय?" आणि तो घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

दुसरी खेप

फेब्रुवारीच्या अखेरीस, आम्ही परतायच्या आधीच्या आठवड्यात, पुन्हा निघालो. या वेळी उद्यानातच तंबूची जागा आधी राखून ठेवली. वाट तिथूनच सुटते, म्हणून रांगेचा प्रश्न नाही. रात्री गार वाळूवर झोपलो आणि सूर्य उगवता उगवता, सातला, वाटेवर पहिली पावलं आमची. दादानं महिनाभर मांड्यांचा व्यायाम केला होता. परतीची वेळ साडेअकरा लिहिली. वाडगा सव्वाआठला. घळीत एकही माणूस नव्हता. सव्वादहाला आम्ही त्या भिंतीपाशी होतो.

भाचा आधी चढला. मग मी. पहिल्या खाचेत पाय, उजवा हात वर, डावा चाचपडत, आणि मध्यावर एक क्षण असा आला, की पुढची खाच सापडेना. पोटात गोळा आला. खालून वहिनीचा शांत आवाज आला, "डावा पाय जरा वर घ्या वन्सं. तिथं पायरी आहे." ती होती. मी वर आले. मग दादा. वहिनी सर्वांत शेवटी चढली, आणि सर्वांत सफाईनं!

पुढे थोडंसं चालून आपण इस्त्रीच्या सपाट पाठीवर येतो. टोकाशी गेलं की पायांखाली एकदम काही नाही. खाली सगळं वाळवंट पसरलेलं, साग्वारो टाचण्यांएवढे, पश्चिमेला धुरकट फिनिक्स. उद्यानातल्या गाड्या तांदळाच्या दाण्यांसारख्या. त्यांतल्याच कुठल्याशा दाण्याजवळ माझी लेक असणार. मी हात हलवला. तिला दिसणार नव्हता, तरी हलवला. अर्धा तास तिथं बसून तिळगूळ खाल्ला आणि सव्वाअकराला, घड्याळानं सांगायच्या आधीच, उठलो. उतरताना घाई नाही, भीती नाही. तीन वाजता खाली. लेकीनं पहिला प्रश्न विचारला, "आई, वरून मी दिसले?" मी म्हटलं, "दिसलीस की!"

मैत्रिणींनो, ॲरिझोनाला सगळ्यांनाच जायचं नसतं. पण तुमच्या गावालाही एखादा गड, एखादी लेणी असेल. रविवारी घरची मंडळी निघाली, की डबे भरून "तुम्ही जा, मी घरी थांबते" असं म्हणू नका. तुम्हीही निघा. पाणी मोजून घ्या, बूट बांधा आणि निघण्यापूर्वी परतीची वेळ कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. वर गेल्यावर ती वेळ ठरवायला बसलात, तर समोरचं शिखर तुमच्या वतीनं ठरवून टाकतं. आणि हो, पिशवीत फणी ठेवायला विसरू नका. चोया नसला, तरी डोंगरावरच्या वाऱ्यानं केसांचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे!